ब्राउजर रूटला चालतो, साध्या युजरला बंद पडतो: लिनक्सवरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅब, सातपूर-अंबडच्या कारखान्यांची ऑफिसं, ई-सेवा केंद्रं, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका. लिनक्स असलेली मशिनं जिथे चार जण वापरतात तिथे ही तक्रार हमखास येते: आयकॉनवर क्लिक केलं की ब्राउजर क्षणभर दिसतो आणि गायब होतो, पण ‘सुडो’ लावून, म्हणजे सगळे हक्क असलेल्या ‘रूट’ युजरच्या नावाने, चालवला की व्यवस्थित उघडतो. खालची उत्तरं मुख्यतः उबुंटू, डेबियन, मिंट आणि फेडोरावरच्या फायरफॉक्स, क्रोम व क्रोमियमसाठी आहेत.

आज्ञा आणि पथ उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते नेहमीप्रमाणे इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

रूटला चालतो म्हणजे ब्राउजर चांगला आहे ना? मग बिघाड कुठे?

ब्राउजरची फाइल बहुधा चांगलीच असते. रूट आणि साधा युजर यांच्यात चार गोष्टी वेगळ्या असतात. होम फोल्डर वेगळं, त्यामुळे प्रोफाइल आणि कॅश वेगळी. फाइलींवरचे हक्क वेगळे. प्रोसेस, डिस्क, कोटा (युजरला आखून दिलेली जागा) यांच्या मर्यादा वेगळ्या, कारण त्यांतल्या बऱ्याच रूटला लागूच होत नाहीत. आणि सेशन वेगळं, म्हणजे डिस्प्ले, डी-बस (प्रोग्रॅम एकमेकांना संदेश पाठवतात ती वाहिनी), रनटाइम फोल्डर (लॉगिनपुरत्या फाइलींची जागा). बिघाड या चारांपैकी एकात असतो. ब्राउजर काढून पुन्हा बसवल्याने यातलं जवळजवळ काहीच बदलत नाही. होम फोल्डर तर पुन्हा बसवताना कोणी हातही लावत नाही. लोक मात्र सगळ्यात आधी तेच करतात आणि दुपार घालवतात.

सुरुवात कुठून करायची?

नवा युजर तयार करून:

`सुडो अ‍ॅडयुजर चाचणी` (नाव इंग्रजी लहान अक्षरांत)

आता लॉग आउट करा, लॉगिनच्या पडद्यावरून या नव्या युजरने आत या आणि ब्राउजर उघडा. टर्मिनलमधून ‘एसयू’ (युजर बदलण्याची आज्ञा) करून तपासू नका. त्याने सेशन अर्धवट मिळतं आणि नसलेला बिघाड दिसायला लागतो.

नव्या युजरला चालला तर बिघाड जुन्या युजरच्या होममध्ये किंवा त्याच्या शेल-सेटिंगमध्ये आहे. नव्यालाही बंद पडला तर सिस्टिमच्या परवानग्या, सँडबॉक्स (साइटला कोंडून चालवण्याची ब्राउजरची सोय) किंवा मर्यादा बघा. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि पुढचे निम्मे प्रश्न ती निकालात काढते.

त्यानंतर मूळ युजरने टर्मिनलमधूनच ब्राउजर सुरू करा: `फायरफॉक्स` किंवा `गूगल-क्रोम`. आयकॉनवरून उघडलं तर चुकीचा संदेश डोळ्यांना दिसतच नाही. शेवटच्या दहा ओळी जपून ठेवा, पुढे त्यांचाच उपयोग आहे.

संदेशात ‘परमिशन डिनाइड’ येतंय. होम तर माझंच आहे!

होम तुमचं असलं तरी आतल्या काही फाइलींवर रूटची मालकी असू शकते. कोणीतरी कधीतरी सुडो लावून ब्राउजर किंवा फाइल मॅनेजर चालवलेला असतो. उबुंटूच्या १९.१० आधीच्या आवृत्त्यांत सुडो केल्यावर होमचा पत्ता तुमचाच राहायचा. म्हणजे प्रोग्रॅम रूटच्या हक्काने चाले आणि फाइली तुमच्या होममध्ये, पण रूटच्या नावाने तयार होत. त्या काळापासून अपग्रेड होत आलेल्या मशिनांवर हा जुना गाळ अजून सापडतो. नव्या आवृत्तीतही ‘सुडो -ई’ (ई मोठा) वापरलं तर तेच होऊ शकतं. आता फायरफॉक्स स्वतः अडवतो: होमचा मालक वेगळा दिसला की रूटने चालायला नकार देतो आणि कारणही छापतो. इतर प्रोग्रॅम इतके शहाणे नसतात.

शोधायचं असं:

`फाइंड ~ -एक्सडेव्ह ! -युजर $युजर -एलएस`

इथे डॉलरनंतरचं ‘युजर’ मोठ्या अक्षरांत. तुमच्या मालकीची नसलेली प्रत्येक फाइल यात दिसते. बहुतेक वेळा .मोझिला, .कॅश, .कॉन्फिग, कधी .एक्सऑथॉरिटी. मालकी परत घ्यायची ती अशी:

`सुडो चाउन -आर $युजर: ~/.मोझिला ~/.कॅश ~/.कॉन्फिग`

आर मोठा, आणि नावापुढचा अपूर्णविराम विसरू नका. त्याने ग्रुपही तुमचाच लागतो. ही आज्ञा देताना तुम्ही स्वतः रूटच्या शेलमध्ये असाल तर ‘$युजर’चा आणि ‘~’चाही अर्थ बहुधा रूटचा होतो आणि तुमच्या होममधल्या फाइली तशाच राहतात. म्हणून साध्या युजरच्या टर्मिनलमधूनच द्या.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक हे प्रोग्रॅम बंदिस्त करून देणारे पॅकेज-प्रकार आहेत. उबुंटूच्या स्नॅप फायरफॉक्सचं प्रोफाइल मात्र ‘~/स्नॅप/फायरफॉक्स/कॉमन/.मोझिला’ इथे असतं आणि फ्लॅटपॅकचं ‘~/.व्हार/अ‍ॅप’ खाली. २२.०४ पासून उबुंटूत फायरफॉक्स स्नॅपच येतो, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका वाचून चुकीचं फोल्डर दुरुस्त करणारे पुष्कळ.

मग सगळ्या होमला चमॉड ७७७ का नको? एकदाच काम होईल.

नको. परवानगी सैल केली तरी मालक रूटच राहतो. शिवाय एसएसएच (दूरच्या मशिनवर लॉगिन करायचं साधन) आपल्या किल्ल्यांच्या फाइली इतरांना वाचता येतात हे पाहून त्या नाकारतं. आणि अभ्यासिकेतल्या शेजारच्या युजरला तुमचे साठवलेले पासवर्ड उचलायला मिळतात.

होम स्वच्छ आहे, तरी नव्या युजरलाही बंद पडतो. पुढे?

आता दोन फोल्डर बघा:

`एलएस -एलडी /टीएमपी /डेव्ह/एसएचएम`

दोन्हींपुढे ‘डीआरडब्ल्यूएक्सआरडब्ल्यूएक्सआरडब्ल्यूटी’ असं दिसलं पाहिजे, म्हणजे १७७७. शेवटचा ‘टी’ महत्त्वाचा. जागा सगळ्यांची, पण दुसऱ्याची फाइल कोणी पुसू शकत नाही, ही सोय त्या एका अक्षराने होते. बॅकअप परत आणताना किंवा /टीएमपी नव्या पार्टिशनवर हलवताना ही परवानगी ७५५ होऊन बसते. रूटला काहीच कळत नाही, कारण तो कुठेही लिहू शकतो.

`सुडो चमॉड १७७७ /टीएमपी /डेव्ह/एसएचएम`

क्रोम आणि क्रोमियम आपल्या प्रोसेसमधली देवाणघेवाण /डेव्ह/एसएचएममधून करतात. तिथे लिहिता आलं नाही तर ते थेट कोसळतात, आणि टर्मिनलमध्ये बहुधा हीच दुरुस्ती सुचवूनही जातात. /डेव्ह/एसएचएम रीबूटला नव्याने बनतं. तेव्हा पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर एफएसटॅब फाइलीत (माउंट करायच्या जागांच्या यादीत) त्याच्या ओळीला कोणीतरी ‘मोड’ लावलाय का ते पाहा.

डॉकरमध्ये ब्राउजर चालवत असाल तर तिथली /डेव्ह/एसएचएम डीफॉल्टने फक्त ६४ एमबी असते. ती भरली की टॅब ‘बस एरर’ने पडतात. कंटेनर सुरू करताना `--एसएचएम-साइज=१जी` द्या.

क्रोम म्हणतो सँडबॉक्स नीट बसवलेला नाही. ‘नो-सँडबॉक्स’ लावला की चालतो. तसंच ठेवू?

ठेवू नका. या पानावरचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीची उत्तरं मिळणारा प्रश्न हाच.

क्रोम प्रत्येक साइट कोंडून चालवतो. साइटमधल्या घातक कोडने त्या प्रोसेसचा ताबा घेतला तरी तो होममधल्या फाइलींपर्यंत पोचू नये, यासाठी. ही कोंडी उभारायला दोन रस्ते आहेत. नवा रस्ता कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ‘युजर नेमस्पेस’चा, म्हणजे साध्या युजरच्या प्रोसेसला वेगळ्या बंदिस्त जागेत चालवण्याच्या सोयीचा. जुना रस्ता ‘क्रोम-सँडबॉक्स’ या छोट्या मदतनीस फाइलीचा, जी रूटच्या मालकीची आणि सेटयूआयडी (कोणीही चालवली तरी मालकाच्या हक्काने चालणारी) असावी लागते. दोन्ही रस्ते बंद असले तर क्रोम उघड्यावर चालण्यापेक्षा थांबणं पसंत करतो. तुम्हाला दिसतो तो क्रॅश म्हणजे हा नकार. रूटबाबत त्याचा हट्ट उलटा आहे: रूट असाल तर नो-सँडबॉक्स दिल्याशिवाय तो सुरूच होत नाही. म्हणून ‘सुडो आणि नो-सँडबॉक्स’ ही जोडी सर्रास सुचवली जाते, आणि तीच सगळ्यात वाईट. त्यात कोंडीही नाही आणि हक्क मात्र पूर्ण मशिनचे. जीएसटी, बँक, ई-टेंडर याच मशिनवरून होत असेल तर विषयच संपला.

जुना रस्ता दुरुस्त करायचा असेल तर:

`सुडो चाउन रूट:रूट /ऑप्ट/गूगल/क्रोम/क्रोम-सँडबॉक्स`
`सुडो चमॉड ४७५५ /ऑप्ट/गूगल/क्रोम/क्रोम-सँडबॉक्स`

क्रम हाच ठेवा. मालक बदलला की कर्नल सेटयूआयडीची खूण काढून टाकतं, म्हणून आधी चमॉड आणि मग चाउन केलं तर ४७५५ चं ७५५ होतं आणि माणूस बुचकळ्यात पडतो. ही खूण पेन ड्राइव्हवरून फोल्डर कॉपी केल्यावरही जाते, कारण फॅट फाइलसिस्टिमला अशा परवानग्या माहीतच नाहीत. पार्टिशन ‘नोसूआयडी’ने माउंट असेल तर खूण असूनही चालत नाही. ते `फाइंडएमएनटी -टी /ऑप्ट` (टी मोठा) याने दिसतं.

उबुंटू २४.०४ वर गेल्यापासून डाउनलोड केलेला क्रोमियम आणि अ‍ॅपइमेजं पडायला लागली.

कारण २४.०४ मध्ये अ‍ॅपआर्मर (प्रोग्रॅमांवर निर्बंध घालणारी सुरक्षा-यंत्रणा) साध्या युजरच्या नेमस्पेसवर डीफॉल्टनेच निर्बंध घालतं. (ही सोय २३.१० मध्ये आली.) ज्या प्रोग्रॅमसाठी अ‍ॅपआर्मरची प्रोफाइल आहे त्यालाच मुभा. गूगल क्रोमच्या नेहमीच्या जागेसाठी ती उबुंटूसोबत येते. होममध्ये किंवा /ऑप्टमध्ये स्वतः उलगडलेल्या क्रोमियमसाठी, इलेक्ट्रॉनवरच्या (आत क्रोमियम असलेल्या, एकाच फाइलीत मिळणाऱ्या) अ‍ॅपइमेजसाठी येत नाही. रूटला हा निर्बंध जाणवत नाही.

नीट उपाय असा. /ईटीसी/अ‍ॅपआर्मर.डी मधली ‘क्रोम’ फाइल नव्या नावाने कॉपी करा. आत प्रोफाइलचं नाव आणि प्रोग्रॅमचा पूर्ण पथ बदला, ‘यूजरएनएस,’ ही ओळ स्वल्पविरामासकट तशीच ठेवा. मग:

`सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड अ‍ॅपआर्मर`

पथ अचूक हवा. शॉर्टकटचा नाही, खऱ्या फाइलीचा. `रीडलिंक -एफ` ने तो मिळतो. प्रोफाइल लिहिण्याचा कंटाळा असेल तर डिस्ट्रोचं पॅकेज किंवा गूगलची डेब फाइल वापरा. बहुतेकांना तेच पुरतं. ‘कर्नल.अ‍ॅपआर्मर_रिस्ट्रिक्ट_अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस’ शून्य करून निर्बंध सगळ्यांसाठी उठवता येतो, पण एका ब्राउजरसाठी अख्खं दार उघडं टाकण्यात अर्थ नाही. निदानापुरतं शून्य करा, खात्री पटली की पुन्हा एक.

फायरफॉक्स याच परिस्थितीत कोसळत नाही. संरक्षण कमी असल्याची पट्टी दाखवून चालू राहतो.

डेबियनवरही तसंच होतं का?

डेबियन १० पर्यंत ‘कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड_यूजरएनएस_क्लोन’ शून्य असायचं, म्हणजे साध्या युजरला नेमस्पेस बंद; ११ पासून एक असतं. जुन्या मशिनवर /ईटीसी/सिससीटीएल.डी मध्ये फाइल टाकून एक करा.

डिस्क भरल्याचा संदेश येतो, पण रूटला लिहिता येतं. हे कसं?

ईएक्सटी४ फाइलसिस्टिम बनवताना साधारण ५ टक्के जागा रूटसाठी बाजूला ठेवली जाते, एसटीतल्या राखीव सीटसारखी. १०० जीबीच्या पार्टिशनवर ही ५ जीबी होते. साध्या युजरच्या दृष्टीने डिस्क संपलेली असते, फायरफॉक्सला इतिहासाचा डेटाबेस लिहिता येत नाही, क्रोमला कॅश टाकता येत नाही, आणि रूट मात्र राखीव जागेत खुशाल लिहीत असतो.

`डीएफ -एच ~ /टीएमपी` मध्ये उपलब्ध रकान्यात शून्य दिसलं की कळलं. `डीएफ -आय` पण बघा. लाखो बारीक फाइली साठल्या तर जागा असूनही आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या नोंदी) संपतात. कॉलेजमध्ये कोटा लावलेला असतो, तो `कोटा -एस` सांगतं. कोट्याची मर्यादाही रूटला अडवत नाही.

जागा मोकळी करायला आधी `सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम` (एम मोठा) आणि `सुडो एपीटी क्लीन`. होमसाठी वेगळं पार्टिशन असेल तर तिथे राखीव जागेची फारशी गरज नसते: `सुडो ट्यून२एफएस -एम १ /डेव्ह/एसडीए३` ने ती एक टक्क्यावर येते. पार्टिशनचं नाव आधी `एलएसबीएलके` ने नक्की करा. सिस्टिमच्या मुख्य पार्टिशनवर हे करू नका. डिस्क काठोकाठ भरल्यावर मशिन सावरायला तीच जागा कामी येते.

पावसाळ्यात वीज जाऊन मशिन तडकाफडकी बंद झालं असेल तर आणखी एक शक्यता असते. वेगळं /होम पार्टिशन फाइलसिस्टिमच्या चुकीमुळे फक्त वाचण्यापुरतं उरतं. रूटचं होम मुख्य पार्टिशनवर असल्याने त्याचं बरं चालतं. `फाइंडएमएनटी /होम` मध्ये ‘आरओ’ दिसलं तर ब्राउजरचा नाद सोडा. सगळ्यांना लॉग आउट करा, पार्टिशन अनमाउंट करून एफएससीके चालवा, आणि डिस्क जुनी असेल तर आधी बॅकअप घ्या.

लॅबमध्ये दोन-चार टॅब उघडले की ब्राउजर पडतो. रॅम भरपूर आहे.

`यूलिमिट -यू` चालवा. लॅब सांभाळणाऱ्याने फोर्क-बाँबच्या (स्वतःच्या प्रती काढत मशिन अडवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) भीतीने विद्यार्थ्यांना १०० किंवा २०० प्रोसेसची मर्यादा घातलेली असते. हेतू चांगला, आकडा चुकीचा. ही मर्यादा प्रोसेस नाही, थ्रेड (प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामं) मोजते, आणि त्या युजरचे मशिनवरचे सगळे थ्रेड एकत्र. डेस्कटॉप आणि ब्राउजर मिळून काहीशे थ्रेड सहज होतात. किती चालू आहेत ते `पीएस -एल -यू $युजर | डब्ल्यूसी -एल` दाखवतं (पहिला एल मोठा). टर्मिनलमध्ये ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ किंवा थ्रेड तयार न झाल्याची ओळ असेल तर निदान पक्कं.

/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ आणि तिथल्याच लिमिट्स.डी फोल्डरमधल्या फाइलींत ‘एनप्रॉक’ ४०९६ करा. फोर्क-बाँब त्यानेही अडतो. फाइलीत तारा वापरून लिहिलेली मर्यादा रूटला लागू होत नाही, म्हणून लॅब असिस्टंटने रूटने तपासलं की ‘माझ्याकडे तर चालतंय’ असं उत्तर मिळतं. बदल केल्यावर लॉग आउट करून परत या. उघड्या सेशनला नवा आकडा कळत नाही.

`यूलिमिट -व्ही` पण बघा. तिथे ‘अनलिमिटेड’ नसेल तर तेच कारण धरा. आजचे ब्राउजर प्रत्यक्षात वापरतात त्याच्या कितीतरी पट पत्त्यांची जागा नुसती आरक्षित करतात, त्यामुळे ४ जीबीची व्हर्च्युअल मर्यादा म्हणजे सुरू होण्याआधीच बंद. रॅमला आवर घालायचा असेल तर सिस्टिमडीच्या (सेवा आणि सेशन सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) युजर स्लाइसला ‘मेमरीमॅक्स’ लावा.

होम सर्व्हरवर आहे, विद्यार्थी कुठल्याही मशिनवर बसतो. ‘प्रोफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात’ असं येतं.

एनएफएसवरच्या (नेटवर्कवरून वापरल्या जाणाऱ्या) होमचा हा नेहमीचा त्रास. क्रोम ‘~/.कॉन्फिग/गूगल-क्रोम’ मध्ये ‘सिंगलटनलॉक’ नावाची खूण ठेवतो आणि त्यात मशिनचं नाव व प्रोसेस क्रमांक असतो. मशिन मध्येच बंद झालं तर खूण तशीच राहते. दुसऱ्या मशिनवरून पाहिलं की क्रोमला वाटतं पहिल्या ठिकाणी अजून काम चालू आहे. मशिनचं नाव बदललं तरी हेच होतं. युजर खरंच दुसरीकडे बसलेला नाही ना, हे विचारून घ्या आणि मगच `आरएम` ने ती खूण काढा. एस, एल मोठे आहेत. ‘सिंगलटन’ने सुरू होणाऱ्या बाकीच्या खुणाही काढल्या तरी चालतं. फायरफॉक्समध्ये प्रोफाइलच्या आत ‘लॉक’ आणि ‘.पेरेंटलॉक’ असतात.

मूळ दुखणं वेगळंच आहे. ब्राउजरचे डेटाबेस एसक्यूलाइटचे असतात आणि त्यांना नेटवर्कवरचं फाइल-लॉकिंग नीट मानवत नाही. परीक्षेच्या वेळी साठ जण एकदम लॉगिन झाले की सर्व्हर हळू होतो, लॉक लटकतात, ब्राउजर पडतात. लॅबसाठी सरळ मार्ग हा: क्रोमला `--युजर-डेटा-डिर=/व्हार/टीएमपी/क्रोम-$युजर` देऊन प्रोफाइल स्थानिक डिस्कवर न्या. बुकमार्क त्या मशिनपुरते राहतात, पण लॅबमध्ये त्याचं कोणाला फारसं वाटत नाही. फायरफॉक्ससाठी ‘स्टोरेज.एनएफएस_फाइलसिस्टिम’ हे सेटिंग ट्रू करता येतं. मग तो डेटाबेस दुसऱ्या प्रोसेसशी वाटून घेत नाही.

एकाच युजरला पडतो, आणि त्याच्या मशिनवर कॅड-कॅम किंवा सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर आहे.

त्याच्या होममधली .बॅशआरसी आणि .प्रोफाइल उघडा. अशी सॉफ्टवेअरं स्वतःच्या लायब्ररी आणतात आणि बसवणारा माणूस ‘एलडी_लायब्ररी_पाथ’मध्ये त्यांचं फोल्डर कायमचं टाकून जातो. मग ब्राउजरही सिस्टिमची सी-प्लस-प्लस लायब्ररी सोडून तिथली जुनी उचलतो आणि ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ किंवा चिन्ह न सापडल्याच्या चुकीने पडतो. रूटच्या शेलमध्ये ती ओळ नसते.

`ईएनव्ही -यू एलडी_लायब्ररी_पाथ फायरफॉक्स` (मधला शब्द पूर्ण मोठ्या अक्षरांत)

असं चालवून ब्राउजर उघडला तर दोषी सापडला. ती ओळ .बॅशआरसीमधून काढा आणि त्या सॉफ्टवेअरसाठी वेगळी छोटी स्क्रिप्ट लिहून तिच्यात ठेवा. सातपूर-अंबडच्या डिझाइन विभागांत या कारणाला पहिल्या तीनांत धरावं.

ई-टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन बसवल्यापासून फायरफॉक्स पडतो.

टोकनची लायब्ररी फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये नोंदलेली असते, ‘पीकेसीएस११.टीएक्सटी’ या फाइलीत. ती जुनी किंवा ३२ बिटची असली, वा तिची परवानगी ६०० असली तर गडबड होते, आणि रूटच्या प्रोफाइलमध्ये ती नोंदच नसल्याने तिथे सगळं सुरळीत. फायरफॉक्स बंद करून त्या फाइलीचं नाव बदला. पुढच्या वेळी कोरी फाइल आपोआप तयार होते. आता चालला तर टोकन देणाऱ्याकडून ६४ बिटची नवी लायब्ररी घ्या, ती ६४४ परवानगीने ठेवा आणि पुन्हा जोडा. एक्स्टेंशन बंद करून हा दोष जात नाही, म्हणून ‘सेफ मोडमध्येही पडतो’ हे ऐकून गोंधळू नका.

ग्राफिक्समुळे होत असेल का?

असेल. ताबडतोब कळतं: `गूगल-क्रोम --डिसेबल-जीपीयू` किंवा `फायरफॉक्स --सेफ-मोड`. याने चालला तर आधी .कॅशमधलं ‘मेसा_शेडर_कॅश’ आणि क्रोम प्रोफाइलमधलं ‘जीपीयूकॅश’ पुसा. ड्रायव्हर अपडेट झाल्यावर जुनी कॅश फक्त त्या युजरला नडते. एनव्हिडियाचा ड्रायव्हर नुकताच अपडेट झाला असेल तर मशिन रीबूट करा, कर्नलमधला भाग आणि लायब्ररी यांच्या आवृत्त्या तोवर जुळत नाहीत.

/डेव्ह/डीआरआय मधल्या फाइली ‘व्हिडिओ’ आणि ‘रेंडर’ ग्रुपच्या असतात. मशिनसमोर बसलेल्या युजरला सिस्टिमडी आपोआप हक्क देतं, एसएसएच किंवा व्हीएनसीने आलेल्याला देत नाही. तशा युजरला `सुडो युजरमॉड -एजी रेंडर,व्हिडिओ नाव` ने ग्रुपमध्ये घ्या. जी मोठा. छोटा ‘ए’ विसरलात तर युजर बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडतो, सुडोच्यासुद्धा. हा हक्क नसताना ब्राउजर बहुतेकदा पडत नाही, फक्त हळू होतो.

‘एसयू’ करून दुसऱ्या युजरने ब्राउजर उघडला की पडतो.

तो ब्राउजरचा दोष नाही. ‘एसयू’ने डिस्प्लेची परवानगी, डी-बसचा पत्ता आणि /रन/युजर/१००० सारखं रनटाइम फोल्डर नीट येत नाही. डॅश न लावता ‘एसयू’ केलं तर आधीच्या युजरचं रनटाइम फोल्डर तसंच राहतं, आणि रूट झाला असाल तर तिथे ‘डीकॉन्फ’ फोल्डर रूटच्या मालकीचं होऊन बसतं. पुढे तुमचाच ब्राउजर त्यावर अडखळतो. लॉग आउट करून आत या. स्नॅपचा फायरफॉक्स ‘नॉट अ स्नॅप सीग्रुप’ म्हणत बाहेर पडतो तोही याच कारणाने. वेगळा युजर हवाच असेल तर ‘स्विच युजर’ करा.

ब्राउजरचा टारबॉल (फाइलींचा गठ्ठा) /ऑप्टमध्ये उलगडला. रूटला चालतो, बाकी कोणालाच नाही.

रूटचा यूमास्क (नव्या फाइलींवरून आपोआप वगळल्या जाणाऱ्या परवानग्या) ०७७ असताना उलगडला असणार. `नेमआय -एल /ऑप्ट/फायरफॉक्स/फायरफॉक्स` प्रत्येक पायरीची परवानगी दाखवतं. `सुडो चमॉड -आर ए+आरएक्स /ऑप्ट/फायरफॉक्स`, यात पहिला आर मोठा, दुसरा लहान आणि एक्स मोठा. मोठ्या एक्समुळे फोल्डरं आणि मुळात चालवण्याजोग्या फाइलींनाच ती परवानगी मिळते.

फेडोरावर परवानग्या बरोबर आहेत, तरी नकार.

होम दुसऱ्या डिस्कवरून कॉपी केलं असेल तर एसईलिनक्स या सुरक्षा-यंत्रणेची लेबलं चुकलेली असतात. `सुडो एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट` मध्ये नकार दिसला तर `सुडो रिस्टोरकॉन -आरव्ही ~` (आर मोठा).

मराठी फॉन्ट टाकल्यावर पानांवर चौकोन दिसतात, रूटला मात्र अक्षरं दिसतात.

क्रॅश नाही, पण मूळ तेच. सुडोने /यूएसआर/शेअर/फॉन्ट्समध्ये टाकलेली फाइल ६०० राहिली असेल तर ती साध्या युजरला वाचताच येत नाही. फाइल ६४४, फोल्डर ७५५ करा आणि `एफसी-कॅश -एफ` चालवा. `एफसी-लिस्ट :लँग=एमआर` मध्ये फॉन्ट आला म्हणजे झालं.

यातलं काहीच लागू पडलं नाही.

मग ब्राउजर मेला की मारला गेला, ते आधी पाहा. `सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय किल्ड` मध्ये त्याचं नाव असेल तर रॅम संपली होती. उबुंटू २२.०४ पासून सिस्टिमडी-ओओएमडी हेही काम करतं, त्याची नोंद `जर्नलसीटीएल -यू सिस्टिमडी-ओओएमडी` मध्ये मिळते. ४ जीबीच्या मशिनवर स्वॅप (रॅम संपल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा) वाढवा.

नाहीतर एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलकडे काय मागतो ते नोंदवणारं साधन) लावा:

`एसट्रेस -एफ -ओ /टीएमपी/एसटी.टीएक्सटी -ई ट्रेस=फाइल फायरफॉक्स`

क्रोमवर हे वापरू नका. एसट्रेसखाली सेटयूआयडीची खूण लागू होत नाही आणि सँडबॉक्सचा भलताच क्रॅश समोर येतो. ब्राउजर पडल्यावर त्या फाइलीत ‘ईअ‍ॅक्सेस’, ‘ईपर्म’ आणि ‘ईएनओएसपीसी’ हे शब्द शोधा, सगळे मोठ्या अक्षरांत, आणि पहिल्याच्या शेवटी एकच एस. शेवटून वर वाचत या. ‘ईएनओईएनटी’च्या शेकडो ओळी दिसतील, त्या सोडून द्या. फाइल नाही हे ब्राउजर शंभर ठिकाणी तपासत असतो. नकार मिळालेला शेवटचा पथ हातात आला की `नेमआय -एल` लावून कुठली पायरी अडते ते बघा.

मदत मागताना डिस्ट्रो आणि आवृत्ती, ब्राउजर स्नॅप आहे की डेब की टारबॉल, नव्या युजरची चाचणी काय निघाली, टर्मिनलच्या शेवटच्या दहा ओळी आणि `आयडी`, `यूलिमिट -ए` (ए लहान), `डीएफ -एच` यांचं उत्तर एवढं द्या. स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी करून पाठवा.